फोनवर जे विचारतात, तेच वेबसाइटवर लिहा

एका परिसरापुरत्या चालणाऱ्या छोट्या व्यवसायांच्या वेबसाइटबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : घरगुती उपकरणं दुरुस्त करण्याचा माझा व्यवसाय आहे. वेबसाइट करून देणारा मुलगा 'मजकूर द्या' म्हणून मागे लागलाय. 'आमच्याविषयी', 'आमचं ध्येय' असं काही लिहायला बसतो आणि दोन ओळींत अडकतो. नेमकं काय लिहायचं? पानं किती हवीत?

उत्तर : ध्येय तूर्त बाजूला राहू द्या. पुढचे पंधरा दिवस फोनशेजारी एक वही ठेवा. फोन करणारा जो प्रश्न विचारेल, तो त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या. 'आमच्या भागात येता का?', 'आज कुणी येईल का?', 'नुसतं बघायला आलात तर किती घेता?', 'खालून पाणी गळतंय, दुरुस्त होईल की नवीनच घ्यावं?', 'पार्ट कंपनीचा टाकता का?' पंधरा दिवसांनी वही उघडली की दिसेल, आठ-दहा प्रश्नच फिरून फिरून आलेत. त्यांची सरळ उत्तरं म्हणजे तुमचा मजकूर. वेबसाइटवर येणाऱ्याचं मशीन बंद पडलेलं असतं. तुम्ही त्याचं काम करता का आणि कधी येता, एवढंच त्याला आत्ता हवं असतं.

ही उत्तरं कुठे ठेवायची, याला महत्त्व आहे. मोबाइलवर पान उघडल्यावर बोटही न हलवता चार गोष्टी दिसल्या पाहिजेत : काय करता, कुठे करता, कधी उपलब्ध असता आणि फोनचं बटण. 'दर्जा आणि विश्वासाचा संगम' या ओळीतून यातलं एकही कळत नाही. 'वॉशिंग मशीन, फ्रिज आणि मायक्रोवेव्ह घरी येऊन दुरुस्त करतो. सोमवार ते शनिवार, सकाळी ९ ते संध्याकाळी ७' या दोन वाक्यांत निम्मं काम होतं. त्याखाली कोणकोणत्या भागांत जाता, त्यांची नावं.

पानं पाच ते सात पुरतात. मुख्य पान, प्रत्येक मोठ्या सेवेला स्वतंत्र पान, दरांचं पान, तुमच्याविषयी आणि संपर्क. सेवांना वेगळी पानं देण्याचं कारण असं, की माणूस 'घरगुती उपकरणं' असं शोधत नाही, 'फ्रिज थंड होत नाही' असं शोधतो. बारा सेवा एका ओळीत स्वल्पविराम देऊन लिहिलेल्या पानात त्याच्या प्रश्नाचं उत्तर नसतं. फ्रिजच्या पानावर नेहमीच्या तीन-चार तक्रारी, त्यांची संभाव्य कारणं, दुरुस्तीला साधारण लागणारा वेळ आणि तुम्ही येण्याआधी ग्राहकाने काय तपासावं हे लिहा. प्लग, थर्मोस्टॅटची जागा आणि दाराचं रबर तपासून काहींचा फ्रिज तिथेच सुरू होईल. तो माणूस तुम्हाला विसरणार नाही.

मात्र याच युक्तीचा अतिरेक करू नका. एकच मजकूर ठेवून फक्त भागाचं नाव बदललेली वीस पानं करून देणारे भेटतात. गूगलच्या नियमांत अशा पानांना 'डोअरवे' म्हणतात आणि ती स्पॅममध्ये मोडतात. एखाद्या भागाबद्दल खरोखर वेगळं सांगण्यासारखं असेल तरच त्याचं वेगळं पान करा.

दर लिहावेत का, असं इतर काही पत्रांतही विचारलंय. लिहावेत. नेमका आकडा सांगता येत नसेल तर येण्याचं शुल्क लिहा, कमीत कमी किती लागतं ते लिहा आणि रक्कम कशामुळे वाढते तेही सांगा. दर न दिसल्यावर विचारायला फोन करणारे थोडे, पुढच्या वेबसाइटकडे वळणारे जास्त.

फोटो स्वतःचेच हवेत. विकत मिळणाऱ्या फोटोंतला हसरा कारागीर दहा ठिकाणी दिसतो आणि ग्राहकाला ते कळतं. रस्त्यावरून तुमची जागा कशी दिसते, तो फोटो नक्की टाका. पहिल्यांदा येणारा माणूस पत्त्यापेक्षा त्या फोटोवरून जागा लवकर ओळखतो.

प्रश्न : नकाशावर आमची नोंद आहे, सोशल मीडियावर पान आहे. मग वेगळी वेबसाइट कशाला?

उत्तर : नकाशावरची नोंद, म्हणजे गूगल बिझनेस प्रोफाइल, आधी नीट करा, ती फुकट आहे आणि जवळपास शोधणाऱ्याला तीच प्रथम दिसते. गूगलने स्वतः सांगितलेले निकष तीन आहेत : शोधाशी तुमचा संबंध, अंतर आणि तुमची प्रसिद्धी. अंतर तुमच्या हातात नाही. बाकीच्या दोन्हींना अचूक प्रवर्ग, पूर्ण माहिती, खऱ्या ग्राहकांचे अभिप्राय आणि त्यांना दिलेली उत्तरं उपयोगी पडतात. व्यवसायाच्या नावात 'स्वस्त, उत्तम, २४ तास' असे शब्द घुसडू नका. ते नियमाविरुद्ध आहे आणि त्यामुळे नोंद बंद होऊ शकते. नाव, पत्ता आणि फोन सगळीकडे अक्षरशः एकसारखे लिहा. एकीकडे जुना नंबर राहिला की ग्राहकही चुकतो आणि शोधयंत्रही गोंधळतं.

आता वेबसाइट कशाला ते. याच गूगल बिझनेस प्रोफाइलमधून पूर्वी एक छोटी वेबसाइट मोफत बनवता यायची. मार्च २०२४ मध्ये ती सोय बंद झाली. जुन्या पत्त्यावर येणाऱ्यांना प्रोफाइलकडे वळवण्याची व्यवस्थाही त्याच वर्षी जूनपर्यंतच राहिली. ज्यांनी तो पत्ता कार्डांवर आणि पाट्यांवर छापला होता, त्यांना सगळं पुन्हा छापावं लागलं. वेबसाइटचा पत्ता तुमच्या स्वतःच्या नावावर असेल तर आतली सोय कितीही बदलली तरी छापलेलं वाया जात नाही.

प्रश्न : माझे नृत्याचे वर्ग आहेत. तीन वर्षांपूर्वी ज्यांनी वेबसाइट केली, त्यांनीच डोमेन घेतलं होतं. आता ते फोन उचलत नाहीत आणि नावाची मुदत महिन्याभरात संपतेय. काय करू?

उत्तर : वेळ कमी आहे, म्हणून क्रमाने जा. आधी चार गोष्टी मनात वेगळ्या करा : डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव, होस्टिंग म्हणजे वेबसाइटच्या फायली ठेवण्याची जागा, प्रत्यक्ष वेबसाइट आणि त्या नावावरची ईमेल. या चारही ठिकाणांची खाती वेगळी असू शकतात. आत्ता वाचवायचं आहे ते नाव. बाकी सगळं पुन्हा उभं करता येतं.

डोमेनची नोंदणी दाखवणाऱ्या 'आयकॅन लुकअप' या साइटवर डोमेन टाकून पाहा. मालकाची माहिती बहुधा झाकलेली असेल, पण नोंदणी कोणत्या कंपनीकडे आहे आणि मुदत नेमकी कधी संपते ते दिसेल. त्या कंपनीच्या लॉगिन पानावर तुमचे सगळे जुने ईमेल पत्ते टाकून 'पासवर्ड विसरलो' करून पाहा. पुष्कळदा खातं ग्राहकाच्याच ईमेलवर उघडलेलं असतं आणि त्याच्या लक्षात राहिलेलं नसतं. आत जाता आलं तर आधी नूतनीकरण करा, मग बाकीचं. जाता आलं नाही तर त्या कंपनीच्या मदत विभागाला लिहा. सोबत व्यवसायाची कागदपत्रं, वेबसाइटसाठी पैसे दिल्याच्या पावत्या आणि करून देणाऱ्याशी झालेला पत्रव्यवहार जोडा. नोंद कायद्याने दुसऱ्याच्या नावावर असेल तर कंपनी ती परस्पर बदलत नाही, म्हणून त्या व्यक्तीलाही लेखी मागणी पाठवून ठेवा.

मुदत संपल्याच्या रात्रीच नाव जातं असं नाही. डॉट कॉमसारख्या नावांना नोंदणी कंपनीच्या धोरणानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांपर्यंत साध्या दराने नूतनीकरणाची सवलत मिळू शकते. नाव काढून टाकल्यावर ३० दिवस सोडवून घेण्याची मुदत असते, तिचं शुल्क बरंच जास्त असतं. शेवटचे ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही आणि मग नाव सर्वांसाठी खुलं होतं. वेबसाइट आणि ईमेल मात्र पहिल्या टप्प्यातच बंद पडू शकतात. देशांच्या नावांचे, म्हणजे दोन अक्षरी शेपटीच्या डोमेनचे, नियम वेगळे असतात. त्यांना हे दिवस लावू नका.

नाव हाती आल्यावर स्वतःच्या खात्यात हलवायचं असेल तर जुन्या खात्यात 'लॉक' काढावं लागतं आणि हस्तांतराचा कोड घ्यावा लागतो. डोमेनची वेबसाइट आणि ईमेल कुठे आहे ते सांगणारी यादी म्हणजे डीएनएस. हलवण्याआधी त्यातल्या सगळ्या नोंदींचे स्क्रीनशॉट घ्या. नेमसर्व्हर, म्हणजे ही यादी ठेवणारा सर्व्हर, बदलताना वेबसाइटची 'ए' नोंद सगळ्यांच्या लक्षात राहते, ईमेलच्या 'एमएक्स' आणि 'टीएक्सटी' नोंदी विसरतात. मग वेबसाइट दिसते आणि ईमेल गुपचूप बंद होते, जी आठ दिवसांनी कुणी तक्रार केल्यावर कळते. आदल्या दिवशी 'टीटीएल', म्हणजे जुनी नोंद इतर सर्व्हर किती वेळ लक्षात ठेवतात तो आकडा, ३,६०० सेकंदांवरून ३०० वर आणून ठेवला, तर चूक झाल्यास दुरुस्ती काही मिनिटांत सगळीकडे पोचते.

नवीन खातं उघडताना ईमेल त्याच डोमेनवरची देऊ नका. डोमेन बंद पडलं की ती ईमेलही बंद, मग पासवर्ड बदलण्याचा दुवा येणार कुठे? आपोआप नूतनीकरण सुरू ठेवा आणि पैसे भरायच्या कार्डाची मुदत संपण्याचा महिना कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा. आपोआप नूतनीकरण चालू असूनही जी नावं हातची जातात, त्यांच्या मुळाशी बरेचदा बदललेलं कार्ड असतं.

प्रश्न : वेबसाइटवर फॉर्म आहे. 'मेसेज पाठवला' असं दिसतं, पण माझ्याकडे काही येत नाही. चार ग्राहकांनी 'तुम्ही उत्तर दिलं नाही' असं तोंडावर सांगितलं.

उत्तर : 'मेसेज पाठवला' याचा अर्थ फॉर्मने तो सर्व्हरच्या हवाली केला, इतकाच. पुढे नेहमी होणारी गडबड अशी. ग्राहकाने फॉर्ममध्ये स्वतःचा ईमेल लिहिला आणि फॉर्मने तोच 'प्रेषक' म्हणून लावला. तुमच्या होस्टिंगचा सर्व्हर ग्राहकाच्या ईमेल कंपनीच्या नावाने पत्र पाठवू लागला, तर घेणाऱ्याला ते बनावट वाटणारच. पत्र स्पॅममध्ये जातं किंवा तिथपर्यंतही पोचत नाही.

दुरुस्ती तीन ठिकाणी आहे. प्रेषक म्हणून तुमच्याच डोमेनवरचा पत्ता ठेवा आणि ग्राहकाचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये टाका, म्हणजे उत्तर दाबलं की ते त्यालाच जाईल. पत्र होस्टिंगच्या साध्या मेल सोयीने न पाठवता एसएमटीपी या ईमेल पाठवण्याच्या पद्धतीने, लॉगिन करून पाठवा. आणि पत्र खरंच तुमच्या डोमेनकडून आलंय हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी डीएनएसमध्ये करा. एसपीएफची नोंद एका डोमेनला एकच असते. दोन सेवांसाठी दोन वेगळ्या ओळी टाकल्या की तपासणीच चुकते, दोन्ही एका ओळीत गुंफाव्या लागतात. शिवाय प्रत्येक मेसेजची एक प्रत वेबसाइटच्या डेटाबेसमध्येही साठवा, म्हणजे ईमेल हरवली तरी ग्राहक हरवत नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला स्वतः एक फॉर्म भरून बघा.

फॉर्ममध्ये नाव, फोन आणि काम या तीनच रकान्यांवर थांबा. स्पॅमसाठी माणसाला न दिसणारा एक रिकामा रकाना ठेवतात. आपोआप भरणारा प्रोग्राम तोही भरतो आणि पकडला जातो. ग्राहकाला ट्रॅफिक सिग्नलची चित्रं ओळखायला लावण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

फोन नंबरही दाबता येईल असा हवा. त्याच्या दुव्यात अधिक चिन्ह आणि देशाचा कोड घाला. व्हॉट्सअ‍ॅपच्या दुव्यात उलट आहे : देशाचा कोड हवा, पण अधिक चिन्ह, सुरुवातीचा शून्य, मधल्या रेघा यांतलं काही चालत नाही.

प्रश्न : ऑफिसच्या कॉम्प्युटरवर वेबसाइट झटकन उघडते, मोबाइलवर मात्र रखडते. होस्टिंग बदलू का?

उत्तर : आधी फोटोंचं वजन बघा. हल्लीच्या फोनमधला फोटो सहज ४,००० पिक्सेल रुंद आणि ३ ते ५ एमबीचा असतो. तो तसाच चढवला की ३६० पिक्सेल रुंद दिसणाऱ्या पडद्यासाठीसुद्धा पूर्ण उतरवावा लागतो. असे सहा फोटो म्हणजे एका पानाला वीस-पंचवीस एमबी. मोठा फोटो १,६०० पिक्सेल रुंदीपर्यंत आणा, वेबपी या हलक्या फाइलच्या प्रकारात, गुणवत्ता ७५ ते ८० ठेवून साठवा. बहुतेक फोटो १००-२०० केबीत बसतात आणि डोळ्यांना फरक कळत नाही. खालचे फोटो गरज पडेल तेव्हा उतरावेत म्हणून 'लेझी लोडिंग' लावा, पण सगळ्यात वरच्या फोटोला ते लावू नका. तिथे त्याने उलट उशीर होतो. प्रत्येक चित्राची रुंदी-उंची कोडमध्ये लिहिलेली हवी. ती नसली की चित्र येताच मजकूर खाली ढकलला जातो आणि 'फोन करा' दाबायला गेलेलं बोट भलत्याच ठिकाणी पडतं.

नंतर आपोआप सरकणारी चित्रपट्टी काढून टाका. दुसरं-तिसरं चित्र येईपर्यंत कुणी थांबत नाही, वजन मात्र सगळ्यांचं पडतं. पानात रुतवलेला जिवंत नकाशाही जड असतो. त्याजागी नकाशाचं साधं चित्र आणि 'रस्ता दाखवा' असा दुवा पुरे.

मोजायला गूगलचं 'पेजस्पीड इनसाइट्स' मोफत आहे. मोबाइलचा भाग बघा. पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा आणि मजकूर हलण्याचा आकडा ०.१ च्या आत असावा. शंभरापैकी शंभर गुणांच्या मागे लागू नका. इतकं करूनही सर्व्हरचा पहिला प्रतिसादच उशिरा येत असेल, तर होस्टिंगकडे वळा.

प्रश्न : मराठीत मजकूर टाइप करून दिला होता, वेबसाइटवर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतोय. मराठी ठेवावं की इंग्रजीच करावं?

उत्तर : मजकूर जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप झालेला आहे. त्या फॉन्टांत आतली अक्षरं इंग्रजीच असतात, फक्त त्यांवर मराठी आकार चढवलेले असतात. फॉन्ट नसलेल्या ठिकाणी मुखवटा उतरतो. मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फॉन्टमध्ये मराठीच राहणाऱ्या अक्षरांत, आणा आणि ओळ न् ओळ वाचा. रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. 'नकोच ते, चित्र करून लावू' असं कुणी सुचवेल. ऐकू नका. चित्रातले शब्द शोधयंत्राला धड वाचता येत नाहीत, अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला ऐकवता येत नाहीत आणि ग्राहकाला पत्ता कॉपी करता येत नाही.

भाषा ग्राहकाची ठेवा. ते मराठीत बोलत असतील तर मराठी पानं हवीतच. पानाच्या कोडमध्ये भाषा 'एमआर' अशी नोंदवा, म्हणजे स्क्रीन रीडर योग्य उच्चार निवडतो. देवनागरीला वर-खाली मात्रा असल्यामुळे दोन ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.६ पट तरी ठेवा. इंग्रजी शीर्षकांत अक्षरं सुटी करण्याची पद्धत असते, ती मराठीला लावली की शिरोरेघ तुटते. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्तासारखा मोफत फॉन्ट घ्या आणि अक्षरांच्या जाडीचे दोनच प्रकार वापरा, कारण देवनागरी फॉन्टची फाइल मोठी असते. फोन नंबर मात्र इंग्रजी आकड्यांत लिहा. देवनागरी आकडे कॉपी करून डायलरमध्ये टाकले तर चालतीलच असं नाही.

दोन्ही भाषा हव्या असतील तर प्रत्येकीला वेगळा पत्ता द्या. एकाच पानात बटणाने भाषा बदलली, तर शोधयंत्राला बहुधा एकच भाषा दिसते.

प्रश्न : वेबसाइट सुरू होऊन दोन महिने झाले, गूगलवर नावही दिसत नाही. एकाने पहिल्या क्रमांकाची हमी दिली आहे. घेऊ का?

उत्तर : घेऊ नका. अशी हमी कुणीही देऊ शकत नाही, हे गूगलनेच लिहून ठेवलंय. नाव का दिसत नाही ते आधी शोधा. वेबसाइट वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर केलेली असेल तर 'सेटिंग्ज'मध्ये 'रीडिंग' उघडा आणि शोधयंत्रांना मनाई करणाऱ्या चौकोनात खूण आहे का बघा. वेबसाइट तयार होत असताना ती मुद्दाम करतात आणि नंतर काढायची राहून जाते. ती नसेल तर गूगलच्या 'सर्च कन्सोल'मध्ये मालकी सिद्ध करून साइटमॅप, म्हणजे पानांची यादी, द्या आणि मुख्य पानाचा पत्ता तपासणीत टाका. पान का घेतलं गेलं नाही, त्याचं कारण तिथे लिहून येतं.

पानाच्या शीर्षकात नुसतं 'होम' असेल तर बदला. काम, भाग आणि नाव पन्नास-साठ अक्षरांत बसवा. पानाच्या कोडमधल्या 'कीवर्ड्स' टॅगवर वेळ घालवू नका. क्रमवारीसाठी तो वापरत नसल्याचं गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय.

प्रश्न : पत्त्याजवळ 'सुरक्षित नाही' असं दिसतं. ग्राहक घाबरतात.

उत्तर : वेबसाइट एचटीटीपीएसवर नाही, म्हणजे जाणारी-येणारी माहिती मध्येच कुणाला वाचता येऊ नये अशी सोय तिच्यावर नाही. क्रोमने जुलै २०१८ पासून अशा सगळ्या साइट्सना ही सूचना लावली. ही सोय सुरू करणारं लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र मोफत असतं आणि पुष्कळ होस्टिंग कंपन्या ते एका बटणावर देतात. 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'सह आणि त्याशिवाय, अशा दोन्ही पत्त्यांसाठी घ्या, आणि जुने, एचटीटीपीचे पत्ते नव्याकडे कायमचे वळवा. त्यानंतरही तक्रार राहिली, तर पानात एखादं चित्र जुन्या पत्त्यावरून येत असेल, ते शोधून पत्ता बदला. प्रमाणपत्राची मुदत थोड्या महिन्यांचीच असते. ते आपोआप नवं होतंय का, हे पहिल्या मुदतीच्या आसपास एकदा डोळ्यांनी बघून घ्या.

प्रश्न : वेबसाइट एकदा झाली की नंतर काय काय बघावं लागतं?

उत्तर : वर्डप्रेस आणि त्याचे प्लगिन, म्हणजे वरून जोडलेल्या सोयी, दर आठवड्याला अद्ययावत करा, न वापरलेले प्लगिन बंद न ठेवता काढूनच टाका. बॅकअप होस्टिंगवरच ठेवला तर होस्टिंगबरोबर तोही जातो, म्हणून एक प्रत दुसरीकडे हवी. वर्षातून एकदा त्या प्रतीवरून वेबसाइट पुन्हा उभी करून पाहा. बॅकअप रिकामा किंवा अर्धवट असल्याचं तेव्हाच कळतं.

आणि ती वही बंद करू नका. फोनवर नवा प्रश्न तिसऱ्यांदा आला, की त्याच दिवशी त्याचं उत्तर योग्य पानावर चढवा. सुट्टी घेणार असाल तर आदल्या आठवड्यातच वेळ दोन्हीकडे बदला, वेबसाइटवर आणि नकाशावरच्या नोंदीत.